कोणत्या पोळ्यापासून

नाही, थांबा, लगेच लिहू नका — म्हणजे लिहा, पण आधी माझं ऐका, कारण माझ्या आठवणीवर किती विसंबायचं हे हल्ली माझं मलाच कळत नाही. गुलनार या घरात राहायला पोळ्याला आली, एवढं पक्कं. तान्हा पोळा होता. फाटकाशी पोरं लाकडी नंदी घेऊन उभी होती, मी त्यांना बोजारा द्यायला सुटे पैसे शोधत होतो, आणि पोरांच्या मागे ही — हातात कापडी पिशवी, डोक्यावर ओढणी. मला वाटलं कुणाची तरी आई असेल, म्हणून तिच्याही हातावर एक नाणं ठेवलं. तिनं ते घेतलं आणि म्हणाली, "सर, पगार आत्तापासूनच सुरू केला का जी?" — हे सगळं आठवतं बघा, तिची ती पिशवीसुद्धा आठवते. पण तो पोळा गेल्या वर्षीचा की त्याच्या आधीचा, तिथं माझं अडतं. आणि तुमच्या त्या टॅबमध्ये नेमकं तेच विचारलंय — पासपोर्टाची अर्जदार बाई या पत्त्यावर वर्षभरापासून राहते का. वर्ष झालं नसेल तर चौकशी आर्णीला जाणार, तिच्या सासरी. हो ना? मी वाचून ठेवलाय तो नियम.

बसा हो भीमसिंगभाऊ, एवढ्या उन्हात कुठं निघता. पाणी घ्या. वर्दीत गरम होत असेल, कूलर इकडे वळवतो. गुलनार येईलच, ती आत आमच्या इंदूचं अंग पुसतेय. इंदू म्हणजे माझी पत्नी. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, चार-दोन शब्द तेवढे उरलेत. पाणी आहे, नको आहे, देवा आहे. त्यात माझं नाव नाही. 'गुल' आहे. सकाळी डोळे उघडले की पहिलं 'गुल'. मला वाईट वाटत नाही त्याचं — वाटतं, पण तुम्हाला कशाला सांगतोय. तुम्ही चौकशीला आलात.

तर आर्णी. आर्णीला तिचे सासरे, गुलाम नबी. नवरा शहजाद मोटारसायकलींचा चांगला मिस्त्री होता, पुण्याला गॅरेजात लागतो म्हणून गेला तो गेलाच, फोनही बंद. सासरे म्हणतात, पोरगा नाही तर सून कसली. तिथं तुमचा माणूस जाऊन उभा राहिला तर ते सांगून मोकळे होतील, अशी कुणी बाई आमच्याकडे राहत नव्हती. झालं. शेरा बसला, पासपोर्ट अडकला. त्यात कुणाचा दोष? कुणाचाच नाही. एका म्हाताऱ्याला पोळा आठवला नाही, एवढंच.

नाही नाही, ती बाई चांगली आहे. अहो, चांगली आहे म्हणून तर — चारित्र्याच्या रकान्यात काय लिहायचं ते सोनेरी शाईनं लिहा. सव्वीस वर्षांची पोर, सात वर्षांची मुलगी कळंबला आईकडे ठेवलेली, आरजू. दर रविवारी एसटीनं जाते, संध्याकाळी येते, आल्यावर अर्धा तास नुसती भांडी घासत बसते. तेवढा अर्धा तास सोडला तर या घरात हसण्याचा आवाज तिचाच. तिला काय हवं आहे? यवतमाळात दोन खोल्या आणि आरजू जवळ. एवढ्यासाठी मस्कतला जायचं, कुणाच्या तरी घरी, कुणाची तरी लेकरं सांभाळायची आणि —

मी मस्कत म्हणालो का?

बरं, म्हणालो. अर्जात तसं काही नाही, असं म्हणता. नसणारच. पासपोर्ट मागताना कुठं जाणार हे सांगावं लागत नाही, आणि जाणं हा काही गुन्हा नाही. मान्य. माझी मुलगी नाही का गेली? निकिता, तिकडे अमेरिकेत. आईला लकवा झाला तेव्हा निघायला बॅग भरली होती तिनं. मग वकील म्हणाला, तुमचा व्हिसाचा कागद मधल्या अवस्थेत आहे, बाहेर पडलात तर परत आत घेतीलच असं नाही. नोकरी तिथं, नातू तिथं. बॅग रिकामी केली. आता रोज संध्याकाळी त्या फोनमधून आईकडे बघते, आणि इंदू त्या काचेला 'नको' म्हणते. म्हणजे कसं झालं बघा, भाऊ — एका सरकारच्या नियमानं माझी मुलगी येऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलीनं जाऊ नये असं मला वाटतं. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. घाम येतोय मला. कूलरमध्ये पाणी संपलं वाटतं.

पण फक्त तेवढंच नाही हो. तुम्हाला वाटेल, मोलकरीण जाते म्हणून म्हातारा कायदा सांगतोय. मी अर्थशास्त्र शिकवलं, कामगारांच्या स्थलांतरावर प्रबंध लिहिला, त्यामुळे नियमाचं पोट उघडून बघायची खोड आहे. ज्या बाईची दहावी झालेली नाही, तिच्या पासपोर्टावर नोंद असते — हिला कामासाठी आखाती देशांत पाठवायचं तर आधी सरकारची परवानगी. म्हणजे कुणीतरी अधिकारी करार उघडणार, मालक कोण, पगार किती, ते बघणार. आणि घरकामाला जाणारी तिशीच्या आतली असेल तर परवानगीच नाही. हा नियम बाईला कोंडतो, असं मी भाषणांत म्हणायचो. अजूनही वाटतं. पण तिची दहावी झालेली असेल तर? तर नोंद नाही, परवानगी नाही, वयाची अट नाही. तू शिकलेली, तुझं तू बघ. एक प्रमेय सिद्ध करता आलं आणि मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिता आला की मस्कतच्या मालकाशी पगार ठरवता येतो, असं कुणाच्या मनात आलं असेल? आणि ही दहावी, भाऊ, ही मीच करून घेतली. नववीत शाळा सुटली होती तिची. सतरा नंबरचा फॉर्म भरला, इंदूला दुपारी झोप लागली की या टेबलावर वही घेऊन बसायची. बीजगणिताला घाबरायची. म्हणायची, "सर, हा क्ष कोण हाय ते एकदा सांगून टाका नं, काहून लपवून राह्यले?" सगळा हिवाळा असा गेला. गेल्या वर्षीच्या मार्चात परीक्षेला बसली, पहिल्या फटक्यात पास. मी गल्लीत पेढे वाटले, लोक विचारायचे, नात का सर? मला वाटलं शिकली, आता इथंच कुठं अंगणवाडीत लागेल, पायावर उभी राहील. एजंट तिला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, दहावी हाय नं तुही, मंग तुले कोणीच काही इचारत नाही.

असं का बघता माझ्याकडे?

हो. कळलं. गेल्या वर्षीच्या मार्चात परीक्षा, आणि त्याआधीचा सगळा हिवाळा ती या टेबलाशी. मग ती गेल्या पोळ्याला नव्यानं कशी येईल. आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिकांत असल्या विसंगती लाल शाईनं पकडल्या मी. पकडा, तुम्हीही पकडा. पण अजून लिहू नका. ती आत इंदूचे कपडे बदलतेय, मग तिची वेणी घालेल, वेणीला वेळ लागतो.

मी तिला बोललो नाही असं नाही. म्हटलं, मीच पगार वाढवतो. हसली. "सर, तुमच्या पेन्शनीत काकूच्या गोळ्या हायेत, कूलर हाय, मी हाव. कोणाले कमी करता?" मग मी नियम सांगायला गेलो, तर माझंच मला पटेना. कारण अडवून तरी काय होतं? मधे सरकारनं एका देशासाठी अट घातली होती, की आपली बाई घरकामाला न्यायची तर मालकानं आधी अनामत भरायची, तिचं काही बरंवाईट झालं तर त्यातून. किती चांगला नियम. मी वर्गात त्याचं कौतुक केलं. झालं काय, तर मालकांनी आपल्या बायकाच घेणं थांबवलं, दुसऱ्या देशांतल्या घेतल्या, आणि ज्या आपल्या आधीच तिथं होत्या त्यांना म्हणाले, आता जाशील कुठं, आहे त्यात राहा. शेवटी अट काढली. दार लावलं तर बाई खिडकीतून जाते, आणि खिडकीतून आलेलीला कुणी पुरता पगार देत नाही. दार सताड उघडलं तर दाराशी कुणीच उभं नाही. मग दार कसं असावं? आयुष्यभर हेच शिकवलं, आणि एका बाईला सांगायची वेळ आली तर मला येत नाही. तुम्ही मघाशी म्हणालात, तुमची आई तांड्यावरून ऊस तोडायला जायची. हाल झाले असतील, नाही म्हणत नाही. पण मुकादम ओळखीचा असायचा ना? त्यानं बुडवलं तर त्याच्या दारात जाऊन बसता यायचं, चार लोकांत त्याची अब्रू काढता यायची. मस्कतला कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

हळू बोलतो. तुम्हीही हळू. कहकशांचं सांगतो. कहकशां म्हणजे गुलनारची खाला, मावशी. पूर्वी आमच्याकडे पोळ्या करायची. तिची दहावी नव्हती, तिशीही नव्हती, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. एजंटानं तिला पाहुणी म्हणून नेली, फिरायला. लॉकडाऊनच्या वर्षी परत आली ती चार बॅगा घेऊन. भावजयांना ब्लँकेटं, पोरांना घड्याळं, अत्तराच्या बाटल्या. कळंबात बाया म्हणायच्या, कहकशांनं तं नशीब काढलं. त्याच ब्लँकेटात आरजू झोपते. तेच बघून गुलनारनं ठरवलं. आणि खरं काय ते कहकशांनं मला सांगितलं, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसून. ठरला त्याच्या निम्मा पगार, पहिल्या महिन्यापासून. शेजारच्या घरात दुसऱ्या देशाची बाई होती, तेच काम, तेवढंच घर, तिला दुप्पट. काहून? तर तिच्या देशाच्या वकिलातीतला माणूस मधूनमधून मालकाला फोन करायचा, आमच्या बाईचा पगार दिला का. कहकशांनं मागितला की तिचा मालक म्हणायचा, तुझ्यासाठीही फोन येऊ दे, तुलाही देतो. आणि ती ब्लँकेटं, भाऊ — ती नागपूरच्या बाजारातली. विमानातून उतरली आणि उरलंसुरलं होतं त्यात बॅगा भरल्या, रिकाम्या हातानं कळंबात कसं शिरायचं म्हणून. इंदूच्या डोक्यावर हात ठेवून मला शपथ घातली, माझ्या घरच्यांना कळता कामा नये.

आता शपथ मोडली ना मी? मोडली. पण तुम्ही घरचे नाही.

मला ते गुलनारला सांगता येत नाही, नुसत्या शपथेमुळे नाही. मी सांगितलं तर ती सगळं ऐकेल आणि एकच विचारेल — सर, मी गेली तर काकूचं कोण करीन? संपलं. माझ्या तोंडून निघालं की खरंही आपमतलबी होतं. मी स्वतः तरी कुठं खात्री देऊ शकतो, की इंदू धडधाकट असती तर मला गुलनारची एवढी काळजी वाटली असती? म्हणून तुम्ही सांगा. तुमचा यात काही नफा नाही, तोटा नाही. ती बाहेर आली की एवढंच विचारा, मालकाचं नाव काय, करार कुणी बघितला, पगार दिला नाही तर कुणाला फोन करशील. फार नाही. विमानतळावरचा माणूस पासपोर्ट बघेल, तिला कोण बघणार आहे? तिच्या तोंडाकडे बघणारे सरकारचे शेवटचे माणूस तुम्हीच आहात.

रकाना नाही. मला ठाऊक आहे रकाना नाही. तुम्हाला अजून सहा घरं करायची आहेत, तेही बरोबर. नाही हो, माफी कसली, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे. मुलगा नाही मला, पण असता तर.

बादली ठेवल्याचा आवाज आला. वेणी घातली नाही आज तिनं. लिहा मग. आधीचा पोळा. वर्ष केव्हाच उलटून गेलं, आर्णीला जायची गरज नाही, चालचलणूक उत्तम. सही कुठं करू — काचेवर? बोटानं? उमटलं का? मलाच माझी सही ओळखू येत नाही, पण असू द्या, माझीच आहे. ये गुलनार, हे भीमसिंगभाऊ, तुझ्या कामाला आलेत. काही नाही, आम्ही पोळ्याबद्दल बोलत होतो. चहा टाकतेस? साखर विचारून घे त्यांना.

गेली. एक राहिलं, तेवढं ऐका आणि निघा. तुम्ही मनात म्हणाल, म्हातारा एका बाईच्या बोलण्यावर बसलाय, तिनं पगार उडवला असेल आणि मालकावर ढकललं असेल. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो, ते सोपं होतं. कहकशां परत आल्याला चार वर्षं होऊन गेल्यावर मी अमरला सांगितलं, माझा जुना विद्यार्थी, मस्कतलाच नोकरीला आहे. त्यानं तिथल्या भारताच्या वकिलातीत ओळख काढून विचारलं, कामाला आलेल्या बायकांच्या नोंदीत तिचं नाव शोधायला लावलं. नाव नव्हतं. असणार कसं, ती पाहुणी म्हणून गेलेली, मग तिच्या पगारासाठी फोन तरी कोण करणार. सहा वर्षं कहकशां मस्कतमध्ये फरशा पुसत होती, आणि ती सगळी सहा वर्षं सरकारच्या लेखी ती कळंबलाच होती.