बाळ येशूची नास्तिक धर्ममाता

...आणि वर मलाच विचारतात, "मानत नाहीस ना? मग तुला काय फरक पडतो?" तुम्हाला सांगते, ह्या एका वाक्यानं माझा जीव खाल्लाय. मेणबत्ती लाव. आई, मी मानत नाही. मानत नाहीस ना, मग नुसती मेणबत्तीच तर आहे, तुला काय फरक पडतो? जेवणाआधी हात जोड. मानत नाही गं. मग हातच तर आहेत... म्हणजे बघा, मानलं तरी करायचं आणि नाही मानलं तरी करायचं. मग मी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून, डोळे फोडून जो निष्कर्ष काढला, तो ठेवायचा कुठे? फडताळात?

बरं, गाव कुठलं, तर चोलुला. इथे पाय घसरला तरी माणूस चर्चच्याच पायरीवर पडतो. समोरचा ज्वालामुखी धूर सोडतो, तर लोक त्याचाही वाढदिवस करतात, वर चढून त्याला नवे कपडे देऊन येतात. अशा गावात मी नाताळच्या जेवणाला, सगळे जमलेत हे बघून, उभी राहिले आणि स्वच्छ सांगितलं, "मी देव मानत नाही." मला वाटलं, आता भूकंप होणार. सगळे मुद्दे पाठ करून आले होते मी. आई म्हणाली, "बरं. ती सफरचंदाची कोशिंबीर इकडे सरकव." चायो मावशी म्हणाली, "भूक लागली की ही असंच बोलते, लहानपणापासून." आणि हसिंतो मामा मला थोपटत म्हणाला, "माझाही एक महिना असाच गेला होता पोरी, ती पुएब्ला शहरातली मुलगी मला सोडून गेली तेव्हा." अहो मामा, मला कोणी सोडून गेलेलं नाही, मी विचार केलाय... पण आमच्या घरात विचार केला म्हटलं की कपाळाला हात लावून ताप बघतात.

तेव्हाच ठरवलं. मला वाद नको, भांडण नको. मला एकच गोष्ट हवी. माझ्या आईनं एकदा, चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, "माझी मुलगी देव मानत नाही." बस. एवढं एक वाक्य. जास्त मागितलं का मी?

आणि मग सहा जानेवारीला आला तीन राजांचा सण, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या त्या तिघांचा. म्हणजे रोस्का कापायचा. हा एवढा लांबलचक गोड पाव, कडं असतं तसा, आणि त्याच्या पोटात लपवलेला प्लास्टिकचा बोटभर बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालायचे, शिवाय घरातल्या देव्हाऱ्यातल्या मोठ्या बाळ येशूला नवे कपडे शिवायचे आणि मिरवत चर्चात न्यायचं. त्याची धर्ममाता व्हायचं. आता प्रत्येकजण सुरी कशी धरतो माहितीये? बॉम्ब निकामी करतात ना, तशी. आणि हसिंतो मामा, रविवार न चुकवणारा, गळ्यात क्रूस घालणारा हसिंतो मामा, दर वर्षी बाळ येशू गालात दाबून ठेवतो आणि वर कॉफी पितो. सगळ्यांना माहितीये. कोणी बोलत नाही.

माझ्या दाताला टणक लागलं.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गिळता आलं असतं. गालात ठेवता आलं असतं, घरात परंपराच आहे तशी. पण मी पडले तत्त्वाची. मी तो बाहेर काढला, बशीत ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडे निघालाय, पण मी हे करणार नाही. मी मानत नाही." सगळं टेबल एका सुरात, "मानत नाहीस ना, मग तुला काय फरक पडतो?"

आई मात्र हळूच म्हणाली, "नोएमी, बाळ येशू कुणाकडे निघाला आणि त्यानं नाकारलं, असं ह्या घरात झालं नाही. लोकांना मी काय सांगू?" आणि मला संधी दिसली. म्हटलं, "खरं सांग. चर्चच्या दारात, फादर अन्सेल्मोंच्या समोर, मोठ्यानं सांग की माझी मुलगी मानत नाही. मग मी सगळं करीन. तमाले, कपडे, मिरवणूक. शब्द देते." आईनं खूप वेळ रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "बरं. पण तमाल्यांत चरबी नीट फेटायची हं."

बाजारात गेलो. तिथे बाळ येशूचे कपडे टांगलेले, पोपचा अंगरखा, डॉक्टरचा कोट, फुटबॉलवाल्याची चड्डीसुद्धा. मी म्हटलं, मुकुट नाही, पंख नाहीत, जरतार तर अजिबात नाही. साधा पांढरा सदरा आणि विजार, गल्लीतल्या कुठल्याही पोरासारखी. हा माझा निषेध होता, लक्षात घ्या. चायो मावशीनं तो सदरा हातात घेतला आणि तिचे डोळे भरले. "असाच तर आला होता तो, गरिबाघरी... आमच्या कुणाच्या डोक्यात नाही आलं." माझा निषेध रडून भिजवला बाईनं.

दोन फेब्रुवारी. आवार भरलेलं, प्रत्येकाच्या हातात आपापला बाळ येशू. आई फादरसमोर उभी राहिली. पुन्हा रुमालाची घडी घातली तिनं, खोटं नाही सांगत. पण बोलली. मोठ्यानं बोलली. "फादर, ही माझी मुलगी नोएमी. ही देव मानत नाही."

मला वाटलं, जिंकले.

फादरनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या बाळाकडे बघितलं. "आणि तरी आलीस?"

"शब्द दिला होता," मी म्हणाले. इथे चुकले. गप्प बसायला हवं होतं.

"ऐकलंत?" फादर मागे वळले. "शब्द दिला होता." आणि चर्चात आत गेल्यावर अख्खं प्रवचन माझ्यावर. मानणारे गालात लपवतात आणि न मानणारी घेऊन येते... मामा छताचं नक्षीकाम बघत होता. सगळे गुडघ्यांवर बसले, मी हट्टानं ताठ उभी राहिले, तर मागून एक आजोबा कौतुकानं म्हणतात, "बाळाला खाली वाकू देत नाही बघा पोरगी."

मी आजही मानत नाही. लिहून घ्या. पण बाहेर तमाले वाटत होते, तर कोपऱ्यावरच्या रेफुहियो काकू आल्या. "पुढच्या वर्षी आमच्या बाळाची धर्ममाता तू हो."

"काकू, तुम्ही ऐकलं नाहीत का, मी मानत नाही."

"म्हणून तर," तमाल्याचं पान सोलत काकू म्हणाल्या. "आम्ही शब्द मोडला तर शनिवारी फादरसमोर पापाची कबुली देऊन, माफी घेऊन मोकळे होतो. तुला माफ करायला वर कोणीच नाही. तू येणारच."

ह्याला काय उत्तर आहे, सांगा. मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं, तेही विचार करून सांगतो म्हणाले, अजून करतायत. तोवर गल्लीभर बातमी गेली. पुढच्या फेब्रुवारीला माझ्याकडे बाळ येशू दोन आहेत. तिसराही आला होता, पण त्याला मी ठाम नकार दिला. माणसाला काही तत्त्वं असायला नकोत? हात दोनच आहेत माझे.