शिडी येईपर्यंत

—नाही हो, खरंच घरी नाहीत, ड्युटी संपवून यायचेत अजून. बसा ना, गोरेगावहून एवढी मिठाई घेऊन आलात. मी त्यांची मिसेस, वनमाला. आणि तुम्ही रुचिरा — ओळखलं की! आमच्या फायर ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये तुमचं नाव कोणाला ठाऊक नाही? त्या आगीपासून ह्यांच्या तोंडी तेच, रुचिराचा खोकला थांबला का, रुचिराला डिस्चार्ज मिळाला का. मला मेलीला आठवडाभर कणकण होती, तर म्हणाले, गोळी घे.

चहा टाकू? नको? बरं. सोसायटीत सत्कार ठेवलाय, शनिवारी? सांगेन, सांगेन. करायलाच हवा — पण तुम्हाला शोधलं कसं, माहितीये का? मला ह्यांनी नाही सांगितलं हां, हे घरी तोंड उघडतील तर शपथ! ह्यांच्या जोडीला विद्याधरभाऊ होते ना, ते बोलले. धुरात डोळ्यांचा उपयोग शून्य. गुडघ्यांवर रांगत जायचं, एक हात भिंतीला, काय वाटेल ते झालं तरी भिंत सोडायची नाही — सोडली की आपणच हरवलो. दुसऱ्याने मागून बूट धरायचा. पलंगाखाली हात घालायचा, कपाटात, दारामागे, माणसं घाबरून कुठेही जाऊन बसतात ना. मग ओरडायचं, कोणी आहे का? — आणि गप्प. एकदम गप्प. श्वाससुद्धा रोखायचा दोघांनी, मास्कमध्ये आपलाच श्वास भसाभसा वाजतो म्हणून. तेव्हा कुठे ह्यांना तुमचं कण्हणं ऐकू आलं, बाथरूमच्या बंद दारातून.

ऐकू आलं हो! ह्यांना! मी किचनमधून हाकांवर हाका मारते, अहो, गॅस संपला, अहो, दूधवाला आलाय — टीव्हीसमोरून हूं नाही की चूं नाही. मला वाटायचं, कान गेले ह्यांचे. कुठले जातायत, चांगले शाबूत आहेत, माझ्यासाठी नाहीत एवढंच. हसताय? हसा. जळते मी तुमच्यावर, खरं सांगते, जळते. इतकी वर्षं संसार केला, पण माझा आवाज ऐकायला ह्या माणसाने कधी श्वास रोखला नाही.

आणि मग जिन्यात धूर भरला, म्हणून तुम्हाला घेऊन तिथेच बसले ना, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून, खिडकीला शिडी येईपर्यंत? विद्याधरभाऊ खिडकीतून खालच्यांना बॅटरी दाखवत होते, आणि हे तुमच्याशी बोलत बसले. तुमची शुद्ध जाऊ नये म्हणून. सारखे बोलत होते म्हणे! आमचे हे! काय बोलले हो? विद्याधरभाऊंना विचारलं तर म्हणतात, वहिनी, माझं लक्ष खाली होतं. सांगा ना. मी काही मनात धरणार नाही.

—काय? कोणाबद्दल?

तेजलचं नाव घेतलं? ह्यांनी?

तुमच्याच वयाची आहे म्हणाले… मुलगी ती आमची. तुम्हाला काय माहीत असणार म्हणा. परजातीत लग्न केलं तिने — पळून नाही हां, सांगून, रडून, पाया पडून केलं — आणि ह्याच माणसाने इथे, ह्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, आजपासून या घरात तिचं नाव निघायचं नाही. मी ऐकलं. आई असून ऐकलं. फोन करते तिला, तोही बाथरूममध्ये नळ सोडून. तिला दिवस गेलेत, कळल्यावर भांडी घासता घासता एकटीच हसत बसले, वेड्यासारखी. आणि तुम्हाला — काय? खोबऱ्याच्या वड्या चोरून खायची, ते पण सांगितलं? अजून? …रडले?

रडले म्हणता?

नको, पुरे. त्यातलं निम्मं रडं माझ्या वाटणीचं होतं हो, तुमच्यापाशी रडून आले.

उठा तुम्ही. नाही, रागावले नाही, मिठाई राहू दे तिथेच, पण उठा. येतीलच आता ते, आणि आले की बूट काढायच्या आत त्यांच्यासमोर तिला फोन लावणार आहे मी, स्पीकरवर. तेव्हा इथे परकं माणूस नको मला.