सहा नंबरची राणी

सून : नाहीत म्हटलं ना, बाबा. सहा नंबरच्या पेटीतही नाहीत. एकही अंडं नाही.

सासरे : सगळ्या फ्रेम बघितल्यास?

सून : सगळ्या.

सासरे : उन्हाकडे पाठ करून? पोळ्यातल्या घराच्या तळाशी ऊन पोचलं तरच दिसतात ती. दोऱ्याच्या टोकाएवढी तर असतात.

सून : बारा वर्षं झाली मला या घरात येऊन. उन्हाकडे पाठ कशी करायची, हे आता नका शिकवू.

सासरे : शिकवत नाही गं. माझी नजर शाबूत असती तर मीच वाकलो असतो. आता माझे डोळे म्हणजे तू. पण माझे डोळे दोनदा विचारलं म्हणून असे खेकसायचे नाहीत.

सून : खेकसले नाही. चूक माझी आहे, म्हणून जीभ अशी सुटते. दोन शब्द बोला तरी मला! अंगणात अकरा पेट्या, अकरांत एक अंडं नाही, आणि तुम्ही आपले स्टुलावर बसून चहा पिताय.

सासरे : चहा गार झाला म्हणून ओरडू का?

सून : बाबा!

सासरे : बरं, बोलतो. पट्ट्या भर उन्हात का ठेवल्यास?

सून : कारण मला बस गाठायची होती. नोकरीचं पत्र आलं आणि मी घोड्यावर बसले. माश्यांच्या अंगावरची ती लाल गोचीड मारायला अॅसिडच्या पट्ट्या ठेवायच्या, तर दिवस थंड बघून ठेवायच्या, हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी एका दुपारी अकराही पेट्या उरकल्या. आत वाफ कोंडली आणि सगळ्या राण्यांनी अंडी घालायचं थांबवलं.

सासरे : थांबवतात. वाफ लागली की राणी आठ दिवस, पंधरा दिवस गप्प बसते. मग आपणहून लागते कामाला.

सून : आज एकोणिसावा दिवस आहे.

सासरे : मोजतेयस.

सून : मोजू नको तर काय करू? थंडी तोंडावर आली. आत्ता अंडी पडली नाहीत तर नव्या माश्या कुठून येणार? जुन्या किती दिवस पुरणार? थंडी सरेस्तोवर पेट्या रिकाम्या. तुमची चाळीस वर्षं रिकामी. आणि मी तिकडे प्रशिक्षण केंद्रात फळ्यासमोर उभी राहून लोकांना मधमाश्या पाळायला शिकवणार! लोक तोंडात शेण घालतील.

सासरे : केंद्राला आज कळवायचंय ना?

सून : पाचच्या आत. दोनदा मुदत दिली त्यांनी. आता केंद्रातल्या बाई म्हणाल्या, तुम्ही नाही तर दुसरं कुणी.

सासरे : मग काय सांगणार?

सून : सांगायचं काय त्यात? मी तुम्हाला शब्द दिला होता, अंडी दिसली की निघते. दिसत नाहीत. विषय संपला.

सासरे : तुझ्या आवाजात काही विषय संपलेला दिसत नाही.

सून : ताईंचा फोन होता सकाळी.

सासरे : माझ्या लेकीचा? काय म्हणते?

सून : "दादा गेला, आता बाबांचं तुझ्याशिवाय कोण आहे गं." मग वर म्हणाल्या, "पण तुला जायचं तर खुशाल जा हो, मी कोण अडवणार?" असं म्हटल्यावर माणूस जातो का, बाबा?

सासरे : ती लांबून गोड बोलते. स्वतः येऊन चार दिवस राहत नाही.

सून : आणि तुम्हीही तेच म्हणता. जा म्हणता. सगळेच मला जा म्हणता! तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. या तीन वर्षांत मला कुणी एकदासुद्धा थांब म्हटलेलं नाही. घराची दोन्ही दारं सताड उघडी आहेत आणि मला एकातूनही बाहेर पडता येत नाही. कुणी बाहेरून कडी घातली असती ना, तर लाथ मारून तोडली तरी असती.

सासरे : हं.

सून : हं काय?

सासरे : काही नाही. माशी बसली होती हातावर. गेली.

सून : मी ठरवलंय. राण्या बदलू. नव्या मागवते. परवा येतील. त्या पेट्यांत रुळेपर्यंत महिना जाईल, तोवर मी आहेच इथे. मग थंडी. थंडीत तुम्हाला एकटं ठेवणं काही खरं नाही. परवा गॅस तसाच चालू ठेवलात.

सासरे : दूध उतू गेल्याचा वास आला मला. बंद केला मी.

सून : दूध उतू गेल्यावर.

सासरे : बरं, राण्या बदलायच्या. म्हणजे जुन्या मारायच्या.

सून : माराव्याच लागतील. एका पेटीत दोघी कशा नांदतील?

सासरे : बरोबर आहे. मग आजचं काम उद्यावर कशाला? आण सहा नंबरची.

सून : आत्ता?

सासरे : जुनी आधी गेली की पेटी नवीला लवकर घेते. आण ती फ्रेम. राणी माझ्या चिमटीत दे. गेल्या वर्षी नऊ नंबरची मारली तशी.

सून : नऊ नंबरची तुम्ही चुकून मारलीत, बाबा.

सासरे : चुकून नाही, घाईनं. तिनंही पट्ट्यांनंतर असंच थांबवलं होतं. दहाव्या दिवशी माझा धीर सुटला. दिसत तर काही नव्हतं, पण कुणाला विचारायला लाज वाटली. मारली. मग तू फ्रेम बघितलीस आणि म्हणालीस, कोपऱ्यात अंडी आहेत. तीन दिवस मला अन्न गेलं नव्हतं.

सून : आठवतंय. म्हणून तर म्हणते, आज नको. परवा नव्या आल्या की बघू.

सासरे : आज का नको? तेव्हा मी आंधळ्यानं मारली. आज तू बघितलंयस. तू नाहीत म्हणतेस म्हणजे नाहीत. एकोणीस दिवस रिकामी फिरतेय ती. आण.

सून : धूर करावा लागेल.

सासरे : धुराडं तुझ्या पायाशीच धुमसतंय. वास येतोय मला.

(ती पेटी उघडते. एक एक करत तिसरी फ्रेम उचलते आणि ती घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहते.)

सासरे : सापडली?

सून : हो.

सासरे : कुठे आहे?

सून : मधोमध. माझ्या अंगठ्याजवळ.

सासरे : चालतेय?

सून : चालत होती. आता थांबली.

सासरे : थांबून काय करतेय?

सून : डोकं घालून बघतेय एका घरात.

सासरे : आणि?

सून : आणि... वळली.

सासरे : सूनबाई, काय करतेय ती?

सून : अंडं घालतेय, बाबा.

सासरे : हं. ठेव ती फ्रेम आत. हळू. चिरडशील एखादीला.

सून : तुम्हाला माहीत होतं.

सासरे : आधी झाकण लाव.

सून : लावलं. तुम्हाला माहीत होतं! कधीपासून?

सासरे : इकडे ये. हात ठेव झाकणावर. असा नाही, उलटा, तळव्यामागची कातडी जास्त सांगते. काय लागतं?

सून : ऊब.

सासरे : पिल्लं असली की माश्या पेटी तापवतात. नसली की कशाला तापवतील? आठवडाभर पहाटे सगळी झाकणं गार लागत होती मला. मग एक दिवस सहा नंबर कोमट लागलं. मग दोन नंबर, मग आठ नंबर. आज अकरांतली नऊ ऊबदार आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला?

सून : मग सुरुवातीलाच म्हणायचंत ना, अगं खोटं बोलतेस म्हणून!

सासरे : अजून एक गोष्ट होती. पहिले पंधरा दिवस तू एकेका पेटीला पाव तास लावत होतीस. नाक फुरफुरायचं तुझं, स्वतःशी पुटपुटायचीस. चार दिवसांपूर्वी सहा नंबरपाशी तुझं पुटपुटणं एकदम बंद पडलं. आणि तेव्हापासून झाकण उघडलं की मिटलंच. ज्याला सापडलंय तो शोधत बसत नाही.

सून : मला आनंद व्हायला हवा होता हो. एकच अंडं होतं, सरळ उभं, ताजं. पेट्या वाचल्या, माझी चूक निस्तरली. आणि मी झाकण पटकन मिटलं. वाटलं, आता जावं लागणार. जावं तर तुम्हाला टाकून गेले, राहावं तर स्वतःलाच टाकलं. इकडे आड, तिकडे विहीर. अंडी नाहीत म्हटलं की निदान ठरवायचं तरी नाही. दोष राण्यांचा.

सासरे : आणि परवा नऊ चांगल्या राण्या मारणार होतीस.

सून : मारल्या नसत्या.

सासरे : नसत्या?

सून : माहीत नाही. खरंच माहीत नाही, बाबा. मला माझीच भीती वाटायला लागलीय.

सासरे : आता माझं ऐक. तू चार दिवस खोटं बोललीस. मला चार दिवस कळत होतं आणि मी गप्प बसलो. रोज पहाटे झाकण ऊबदार लागायचं आणि मी मनात म्हणायचो, नको सांगू, आजचा दिवस नको सांगू. मला कोण सांभाळेल गं इथे, तू गेल्यावर? मी म्हातारा आहे, घाबरलो. कडी नव्हती म्हणालीस ना? होती. मीच धरून बसलो होतो आतून.

सून : मग आज का सोडलीत?

सासरे : तू म्हणालीस, राण्या बदलू. तेव्हा कळलं की आपण दोघं मिळून या पेट्या मारणार, आणि एकमेकांना जपतोय असं म्हणत मारणार.

सून : तुमचं जेवण?

सासरे : शेजारच्या सुताराला विचारलंय मी काल. दोन्ही वेळा येऊन जेवेल, बनवेलही. एकटाच आहे तो. पेट्याही उचलेल. अंडी त्याला दिसायची नाहीत, त्याचा चष्मा माझ्यापेक्षा जाड.

सून : काल विचारलंत? आणि आज दिवसभर मला छळलंत?

सासरे : विचारलं होतं. तुला सांगायचा धीर होत नव्हता. किती वाजले?

सून : साडेचार.

सासरे : मग लाव फोन. थांब. आधी पेट्यांची वही आण. चार दिवस तू तिच्यात काय लिहिलंयस?

सून : काहीच नाही. खोटं लिहवेना. पानं कोरी आहेत.

सासरे : बरं केलंस. आता लिही. सहा नंबर, राणी अंडी घालतेय.

सून : लिहिलं. तारीख काय घालू, आजची?

सासरे : खरी घाल.