धनुष्याच्या पाठीला कुठलं कापड?

...आणि सरस चाटून बघणारा माणूस तुम्ही कधी पाह्यलाय का हो? नाय ना? मी पाह्यलाय, शहागंजच्या भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर उभा राहून चाटताना, आणि तुम्हाला सांगतो, तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे! त्रिंबकदाजी! सरस म्हंजे कातडी-हाडं उकळून केलेला डिंक, नुसत्या वासानं माणूस नाकाला रुमाल लावतो, आणि हे चाटतायत! दुकानदार हात जोडतोय, "अरे चाचा, ये खाने का नई है!" तर दाजी जीभ टाळूला लावून म्हणतात, "गूळ मिसळलाय. यात काहीतरी काळंबेरं हाय!"

आता दाजींना सरस कशाला पायजे होता ते ऐका. साल त्र्याण्णव, डिसेंबर. दाजी मूळचे पाचोडकडचे, वडील मेंढरांमागं फिरणारे, लाकूड हातात घेतलं की ते कुठं वाकंल न् कुठं मोडंल हे त्या घरात सांगावं लागत नाय. चिकलठाण्याला कंपन्या आल्या तसे दाजी मुकुंदवाडीत खोली करून कामाला लागले, पण सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून धामणाच्या लाकडाची धनुष्यं करायचे. खरी, तिरंदाजीची! शाळेतले खेळाचे मास्तर बद्रीनाथ सर, त्यांनी मुलींच्या संघासाठी सहा सांगितली, जिल्ह्याची निवड अकरा जानेवारीला. पहिलं धनुष्य सरांनी ओढलं मात्र... कड्! पाठीचं लाकूड सोललं, चिरफळी उडाली, सरांचा चष्मा पार गटारापाशी! दोन बोटं इकडं लागली असती तर डोळाच गेला असता. सर चष्मा पुसत म्हणाले, "त्रिंबकराव, हे मी पोरींच्या हातात कसं देऊ? पाठीला कापड चिकटवा, म्हंजे चिरफळी उठणार नाही. आणि जरा देखणं बघा, पोरी खूश होतील."

झालं! एवढंच म्हणाले हो! चिकटवा आणि देखणं बघा. दाजींची झोप गेली. का? तर चिकटवायचं कशानं आणि देखणं म्हंजे कुठलं!

आधी आणला बाटलीतला पांढरा डिंक. लावला, वाळला, धनुष्य वाकवलं... कापड सालीसारखं अलगद हातात! दाजी म्हणतात, "दुधासारखा दिसतोय म्हंजे पाणी घातलंय, काहीतरी काळंबेरं हाय." मग आणला दोन डब्यांचा, या डब्यातलं आणि त्या डब्यातलं मिसळायचं. तोही सुटला! "दुसऱ्या डब्यात काय आहे हे लपवतात कशाला?" मग शहागंजचा सरस, त्याचं तुम्हाला सांगितलंच. गरम केला, सगळी गल्ली नाकं धरून आत पळाली, लावला... सुटला! आता मला सांगा, अख्खं औरंगाबाद एका माणसाच्या धनुष्याविरुद्ध कट करतंय का?

तर दाजी म्हणाले, करतंय. आणि कटाचा मुखिया कोण? कचरू!

कचरू म्हंजे दाजींच्याच कंपनीत लाकडी साचे करणारा. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेला एक मोर्चा चुकवला नाय त्यानं. अठ्ठ्याहत्तर साली त्याच वादात गावाकडं त्याचं घर जाळलं होतं, धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन रानातून शहरात आलेला माणूस. खरं म्हंजे जगावर संशय घ्यायचा हक्क कुणाला असंल तर त्याला! पण तो येतो, चहा पितो, मनमोकळा हसतो. आणि दाजी माझ्या कानात, "एवढा गोड का बोलतोय? आपल्याला मोर्चात न्यायचा बेत दिसतोय."

कचरूनं धनुष्य उचललं. पाठीवरनं बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला.

"त्रिंबकभाऊ, याला तेल लावता का?"

"रोज. करडीचं. लाकूड मऊ राहतं."

"अहो, तेलावर कुठला डिंक बसंल? काचेनं खरवडा, पार कोरडं करा. सरसच चांगला आहे तुमचा."

तीन आठवडे! तीन आठवडे बाजारातल्या दुकानदारांना नावं ठेवली, आणि तेल कोण लावतंय? स्वतः! आता तरी गप बसावं ना? तर दाजी माझ्या बहिणीकडं, बानाआक्काकडं वळून, "तेलाची बरणी अंगणात ठेवली कुणी?" आक्का म्हणाली, "अवं, आता माझ्यावर नका घेऊ. नायतर तुमच्याच पाठीला सरस लावीन!"

सरस बसला. नखानं उकरलं तरी सुटंना. राहिला रंग.

आणि रंग म्हंजे त्या महिन्यात, तुम्हाला सांगतो... चौकाचौकात बंदोबस्त, सोळा वर्षांचा वाद, नाव बदलणार का, कधी बदलणार, माणूस माणसाच्या सदऱ्याकडं बघून मग रामराम घालायचा! आक्कानं निळं कापड काढलं. दाजी म्हणाले, "नको, म्हणतील हा त्यांच्यातला." भगवं काढलं. "नको, म्हणतील हा यांच्यातला." हिरवं? "तिसरीच भानगड!" लाल? "कंपनीत युनियनवाला म्हणून काढतील." काळं? "निषेध!" पांढरं? "सुतक कुणाचं, म्हणतील!" आक्कानं पेटीचं झाकण धाडकन आपटलं आणि म्हणाली, "मग नागडं ठेवा ते धनुष्य!"

शेवटी हिमरूची, म्हंजे रेशीम न् सूत मिसळून विणलेल्या कापडाची कातरणं मिळाली, विणकरांच्या कारखान्यातली. निळा, भगवा, हिरवा, लाल, सगळेच रंग वेलबुट्टीत एकमेकांत अडकलेले. दाजींनी अर्धा तास उलटंसुलटं करून पाह्यलं. "कुणाचंच नाय दिसत," म्हणाले, आणि लावलं. इतकं देखणं दिसलं, की आक्कासुद्धा भांडण विसरून हात फिरवत बसली.

अकरा तारखेला सकाळी सहा धनुष्यं पोत्यात घालून मी न् दाजी निघालो. क्रांती चौकात पोलिसांनी अडवलं. पोत्यात काय? धनुष्यं! त्या दिवसांत हो, त्या दिवसांत! अहो, लाठी दिसली तरी आत घेत होते! ठाण्याच्या बाकड्यावर बसवलं. फौजदार म्हणतात, "कुणाच्या सांगण्यावरून केलीत?" दाजी घामाघूम. घड्याळात साडेनऊ, अकराला निवड. तेवढ्यात दारातनं कचरू दिसला, सायकलवर. आमच्याकडं बघितलं आणि सायकल वळवून निघून गेला!

"बघितलंस?" दाजींनी माझं मनगट धरलं. "यानंच खबर दिली. मी म्हणलो नव्हतो, काळंबेरं हाय?"

पाऊण तासानं कचरू आला. फेस यायचा राह्यला होता तोंडाला! कॅरिअरवर बद्रीनाथ सर, सरांच्या हातात शाळेचं पत्र. मोर्चातला माणूस, ज्याला अर्धं ठाणं तोंडानं ओळखतं, तो आपल्या पायांनी आत आला आणि म्हणाला, "साहेब, हा माणूस कुणाच्याच बाजूचा नाय. मला चार वर्षं माहीत आहे, हा स्वतःच्याही बाजूचा नाय!"

फौजदारांनी एक धनुष्य घेतलं, कानापर्यंत ओढलं. दाजींनी डोळे मिटले. टिचकीएवढाही आवाज नाय! "देखणं आहे," म्हणाले. "जा, पळा."

मैदानावर पोहोचलो तेव्हा नावं पुकारत होते. पोरी बाण सोडत होत्या, सगळी माणसं बाणाकडं बघत होती, दाजी फक्त धनुष्याच्या पाठीकडं. सहाच्या सहा टिकली. दोन पोरी निवडल्या गेल्या. त्यातली एक येऊन दाजींच्या पाया पडली, तर यांनी तोंड फिरवलं. उपरण्यानं डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "धूळ लई हाय इथं."

तीन दिवसांनी संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलायचा निर्णय झाला. कचरू सकाळीच आला, डोळे सुजलेले, रडून का जागून कुणास ठाऊक, हातात पेढ्यांचा पुडा. पहिला पेढा दाजींना. मी श्वास धरला, आक्कानं श्वास धरला. दाजींनी पेढा घेतला, वास नाय घेतला, मोडून नाय पाह्यला, सरळ तोंडात टाकला! मग कचरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई झकास पेढा आहे गड्या. तुझ्या घरच्यांना लई सोसावं लागलं."

आक्का पदरानं डोळे पुसायला लागली. मला वाटलं, सुटलो! सुधारला माणूस!

कचरू गेला. दाजींनी दार लावलं, कडी घातली, आणि हळूच मला विचारलं, "तुला दिलेला पण एवढाच झकास होता का रे... का मलाच वेगळा दिला?"