टाक दोन्ही

नाही नाही, ते झाकण आधी लावा बघू — लावा म्हणते ना! — हं. आता बसा. तुमची ही धुण्याची बाटली काही मी विकत घेणार नाही, गुलाबाच्या वासाची नको नि मोगऱ्याच्याही नको, आमच्या घरात वासाचं काहीच चालत नाही. राग नका मानू, तीन जिने चढून आलात, पाणी तरी घ्या — फक्त ती पिशवी दाराबाहेर राहू द्या.

मग धुते कशानं? अहो, स्वयंपाकघरात काय कमी असतं? खाण्याचा सोडा घ्यायचा — कॉलरचा मळ असो, घामाचा पिवळा डाग असो — पाण्यात कालवून थापायचा आणि तासभर विसरून जायचं. रक्ताला मीठ आणि थंड पाणी; गरम घातलंत की बसलाच डाग जन्माचा. गंजाला लिंबू, मीठ आणि ऊन. नळ व्हिनेगरनं घासा, तोंड दिसेल. कुणी शिकवलं नाही हो, माझं मीच, करून करून. या बिल्डिंगमध्ये कुणाच्या पडद्यावर शाई सांडली की माझंच दार वाजायचं — आणि मी? मी फुगायचे. हे टाक, ते टाक, नुसता हुकूम.

आणि धाकटी — माझी बहीण हो, आत झोपलीय, खोकला ऐकू येतोय ना, तीच — ती तर मला विचारल्याशिवाय रुमालसुद्धा भिजवायची नाही. लग्न होऊन नव्या घरात गेली. तिथलं न्हाणीघर म्हणजे नुसतं खुराडं, खिडकीच नाही, फरशा काळ्याकुट्ट, आणि दुपारी सासू यायची होती. फोन आला — "ताई, ब्लीचिंग पावडर टाकून घासतेय केव्हाची, तरी हलत नाही गं." मी भाजी चिरत होते, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, "मग वरून व्हिनेगर ओत." तर म्हणाली, "दोन्ही एकत्र चालतं?" — विचारलं हं तिनं! — मी म्हटलं, "चालतं गं, टाक दोन्ही. आणि दार लावून घे, घरभर शिंतोडे नकोत."

दार लावून घे. तेही मीच.

नव्हतं हो माहीत. दोन्ही मिळून विषारी वायू होतो, हे मला हॉस्पिटलात कळलं. सासू आली, हाका मारल्या, शेजाऱ्यांनी दार फोडलं. वाचली. वाचली म्हणजे काय — चार पावलं टाकली की भिंत धरते. फुप्फुसं भाजलीत, डॉक्टर म्हणाले, आता भरून येणार नाहीत. पूर्वी गायची, तुम्हाला सांगते, कपडे वाळत घालताना असं मोठ्यानं गायची की लोक वर बघायचे.

तिचा नवरा आला तो सगळ्यांदेखत ओरडला — "एवढीही अक्कल नाही तुला? हे असलं डोक्यात आलंच कसं?" तिनं माझ्याकडे बघितलं. मी चादर सारखी करत होते. बोलायचंच होतं हो मला, तोंड उघडलं देखील — आणि काय म्हणाले, तर "पाणी देऊ का?" मग तीच म्हणाली, "चुकलं माझं." बस्स. सहा महिन्यांनी तो तिला आणि तिच्या कपड्यांची बॅग इथे सोडून गेला. "अशा बाईच्या भरवशावर घर कसं टाकू?" म्हणाला. मी चहा केला त्याला. प्यायला, गेला, फिरकला नाही.

विसरली असेल? छे! शब्दन्‌शब्द आठवत असणार. मला वाटायचं, एक दिवस भांडेल, चार शिव्या देईल — एकदाही नाही. काल मी तिची उशीची खोळ धूत होते, तर म्हणते कशी, "ताई, तू आहेस म्हणून गं." त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर — माफी? मागू कशी? मागितली की "असू दे" म्हणेल ती, धापा टाकत म्हणेल, आणि मग मी त्या खोलीत जाऊ कोणत्या तोंडानं?

नका हो असं बघू. घरात कुणालाच ठाऊक नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे — तुम्ही ओळखीच्या नाही, म्हणून असेल. उठा आता, पिशवी उचला. वरच्या मजल्यावर विचारून बघा, तिथे घेतात अशा बाटल्या. आणि हे बघा — माझं दार पुन्हा वाजवू नका. मी उघडणार नाही.