माझ्यावाचून दादाचं पान हलत नाही

...आणि वर मलाच विचारतात, ‘आजोबा, करमतंय ना?’ आता तुम्हीच सांगा, प्रश्न माझ्या करमण्याचा होता का? या निवासात मी आलो तो मुळात दादासाठी. दादा म्हणजे माझा मुलगा हो. वय शेहेचाळीस, समज सात-आठ वर्षांची. धाकटी बहीण दादा म्हणायची म्हणून आम्ही सगळेच दादा म्हणायला लागलो. त्याची आई गेल्यापासून बारा वर्षं, दूध कोमट करण्यापासून शर्टाच्या बटणांपर्यंत सगळं मी बघतो. तुम्हाला सांगतो, माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही.

मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, आणि आडवा पडल्या पडल्या एकच विचार... मी गेलो तर याचं काय? मुलगी फोनवर आधी रडली, मग तिनंच ही जागा शोधली. ‘बाबा, तिथे म्हातारी माणसंही राहतात आणि दादासारखीही. दोघं जा, महिनाभर राहून तर बघा.’

आलो. सोबत सूचनांची वही, चांगली अकरा पानं. व्यवस्थापिकाबाईंनी ती आदरानं घेतली, आदरानं कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, “दादाची खोली तळमजल्यावर, तुमची वर.” म्हटलं, बाई, मी शेजारी नसलो तर तो झोपत नाही. “बघू या की,” म्हणाल्या. ही ‘बघू या की’वाली माणसं मला पहिल्यापासून नकोशी वाटतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली गेलो, दार वाजवलं. आतून आवाज, “कोण?” अरे, कोण काय? बाप. तर म्हणतो, “थांबा बाबा, दाढी करतोय.” दाढी... बारा वर्षं ती मी केली, साबण लावला की गुदगुल्या होऊन हा पळायचा, मागे मी, घरभर फेस. आणि इथल्या मदतनीस बाईंनी विजेवरचं यंत्र हातात दिलं, आरसा दाखवला, झालं? हनुवटीखाली चार केस राहिले होते, ते मी लगेच दाखवून दिले. पान हलत नाही म्हणतो ते उगाच नाही.

बरं, त्याला काम दिलेलं, जेवणघरात ताटं मांडायचं. बेचाळीस ताटं. मी आपला काळजीपोटी मागे उभा, ‘वाटी उजवीकडे रे, सावकाश रे’... तर स्वयंपाकीणबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. “आजोबा, तुम्ही बोलता आणि त्याची मोजणी चुकते.” मोजणी? अहो, याला विसाच्या पुढे येत नाही. “म्हणून तर वीस-वीसचे दोन ढीग करतो, आणि वर दोन.” मी जाऊन बसलो.

आणि माझं म्हणाल तर... वरच्या मजल्यावर सोळा दारं, सगळी एकाच हिरव्या रंगाची. तिसऱ्याच दिवशी खांद्यावर टॉवेल टाकून मी शिरलो तो निवृत्त मुख्याध्यापिकांच्या खोलीत. पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, “पुढचं दार.” पुढे चार दिवस हेच. गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो कळेना, जेवण जाईना. मुलीनं फोनवर विचारलं, ‘दादा कसा आहे?’ म्हटलं, सुकलाय गं. तो दोन किलो वाढला होता. सुकलो होतो मी.

दादाला कुणी सांगितलं देव जाणे, एका दुपारी तो जिना चढून आला आणि माझ्या दारावर कागद चिकटवला. घड्याळाचं चित्र. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली, ते त्याला ठाऊक. काटे तीन काढलेले, तिन्ही सारखेच लांब. “आता चुकायचं नाही, बाबा,” म्हणाला. मी आपला काट्यांकडेच बघत राहिलो... दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

महिना संपला. व्यवस्थापिकाबाईंनी दोघांना कचेरीत बसवलं. मी छाती पुढे काढून सुरुवात केली, “हे बघा, माझ्यावाचून त्याचं पान...” बाई म्हणाल्या, “दादा राहणार, त्याचं ठरलंय. तुमचं काय?”

माझं? हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता हो. घरी जाऊन मी करू काय, कुणामागे धावू? तर शेजारून दादा बाईंना म्हणतो, “बाबांना राहू दे. हळूहळू शिकतील.”

राहिलो. अर्ज भरताना रकाना आला, ‘अडीअडचणीला कुणाला कळवायचं?’ मुलीचा नंबर सांगायला मी तोंड उघडलं, तोवर दादा म्हणाला, “मला.” बाईंनी लिहिलंसुद्धा... मुलगा, तळमजला, खोली चार. मी काय करणार? खाली सहीपुरती जागा तेवढी माझी होती.