ओलं आणि सुकं

कुत्र्याने माझी लाज काढली, ऐका. आयटीतल्या लेकीला कंपनीने जर्मनीला धाडलं आणि तिचं पिल्लू बिबवेवाडीत माझ्या गळ्यात पडलं. फोनवरून हुकूम आला, "बाबा, त्याचं ओलं आणि सुकं खाणं मिक्स करूनच द्या."

दिलं. साहेबांनी ओलं तेवढं चाटूनपुसून खाल्लं आणि सुका दाणा न् दाणा तोंडातून काढून फरशीवर ठेवला. मी पुन्हा कालवलं, त्याने पुन्हा निवडलं. शेवटी मी ओरडलो, "गिळ मुकाट्याने! पुढे सगळं एकत्रच होतं!"

नेमक्या तेव्हाच कचरा न्यायला येणाऱ्या मंगलताई दारात उभ्या. आता, मी सोसायटीचा सेक्रेटरी. "ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा" ही जिन्यातली पाटी माझ्याच सहीची. आणि दोन्ही एका बादलीत कोंबून "पुढे सगळं एकत्रच होतं हो" असं ताईंना रोज ऐकवणाराही मीच.

ताईंनी माझी बादली पाहिली. मग फरशीवरचे दाणे पाहिले.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमची पाटी अख्ख्या सोसायटीत ह्या एकट्यानंच वाचलेली दिसतीय."